दहा दिवसांचं मौन, घुमी भावजय आणि बोलघेवडी नणंद: विपश्यना शिबिराचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मन शांत झालं का, आयुष्य बदललं का वगैरे या रिव्ह्यूत मिळणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मी लिहितेय ते एवढ्यासाठी की आमच्याकडून दोघी एकत्र गेलो, मी म्हणजे घरातली घुमी आणि माझी धाकटी नणंद म्हणजे चालताबोलता लाऊडस्पीकर, आणि निघायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्यांनी जे भाकीत केलेलं ते दोघींच्याही बाबतीत साफ आपटलं.

नणंदबाई विमा एजंट आहेत. दिवसाला तीसचाळीस फोन, त्यातले निम्मे कामाचे आणि निम्मे 'सहज केला'. डोंबिवलीला लोकलमध्ये चढली की ठाणं यायच्या आत शेजारच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या हॉस्पिटलात झालं आणि टाके किती पडले इथपर्यंत हिला माहीत. आणि मी ऑडिटवाली. मला आकडे आवडतात कारण ते 'अजून काय विशेष' विचारत नाहीत. लिफ्टमध्ये कोणी दिसलं तर मी चपलेची पट्टी नीट करायला वाकते, लिफ्ट जाऊ देते, मग उठते. लग्नानंतर पहिल्या हळदीकुंकवाला सासूबाईंच्या एका मैत्रिणीने मला 'माणूसघाणी आहे का गं ही' असं माझ्यासमोरच विचारलेलं. आपल्या भाषेत बघा ना, न बोलणाऱ्याला घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ, कौतुकाचा शब्द शोधायला गेलं तर मितभाषी, आणि तो फक्त श्रद्धांजलीच्या बातमीत येतो. पण बोलणाऱ्याचंही फार वेगळं नाही म्हणा, नणंदेला अख्खं सासर टकळी म्हणतं.

तर शिबिराला जायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला काय, हिला तर माहेरी गेल्यासारखं वाटेल तिकडे." आणि जावईबापूंनी, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याने, माझ्या नवऱ्याशी पाचशे रुपयांची पैज लावली की त्यांची बायको तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन कसारा लोकलमध्ये बसलेली असेल. माझ्यावर कोणी पैज लावलीच नाही, मी टिकणार हे गृहीत.

थोडी माहिती, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर. गुरुजी मूळचे ब्रह्मदेशातले, मंडालेचे, व्यापारी माणूस, मायग्रेनने हैराण म्हणून तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले आणि १९६९ साली भारतात येऊन स्वतः शिकवायला लागले. २०१३ साली ते गेले पण शिबिरं आजही त्यांच्याच आवाजातल्या रेकॉर्डिंगवर चालतात. मुख्य केंद्र इगतपुरीचं धम्मगिरी, बाकी महाराष्ट्रात बरीच आहेत, आम्ही त्यातल्याच एका छोट्या केंद्रात गेलो, वेळापत्रक सगळीकडे एकच. फी शून्य. राहणं, जेवण, सगळं आधीच्या साधकांच्या दानातून, शेवटी तुम्हाला द्यायचं तर द्या, कोणी मागत नाही. ऑनलाइन फॉर्म भरायचा, त्यात तब्येतीचं, मानसिक आजाराचं, चालू गोळ्यांचं विचारतात, ते खरं भरा, लपवू नका.

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा आणि फळ-कुरमुरे, आणि त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसाला दहा तासांच्या वर नुसतं बसायचं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवशी खरी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं, देतात. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा. पुस्तक नाही, वही-पेन नाही. आणि आर्य मौन, म्हणजे नुसतं तोंड बंद नाही तर खाणाखुणा नाहीत, नजरानजरसुद्धा नाही. बोलायचं तर फक्त ठरलेल्या वेळेत आचार्यांशी, आणि बादली-साबण-गोळी असलं काही हवं असेल तर धम्मसेविकेशी, म्हणजे तिथल्या स्वयंसेविकेशी.

हे सगळं वाचून मी घरी खूश होते. दहा दिवस कोणी 'गप्प का गं' विचारणार नाही, उलट गप्प बसणं हाच नियम. स्वर्ग!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओडोमॉसच्या ट्यूबवरचा मजकूर तिसऱ्यांदा वाचत होते. मराठी नव्हतं, हिंदी संपलं, इंग्रजी संपलं, मग उत्पादकाचा पत्ता. तिथे मला कळलं की मी आयुष्यभर ज्याला 'मला शांतता आवडते' म्हणत आले ते शांतता नव्हतंच, ते होतं पुस्तक, इअरफोन आणि कडी लावलेलं दार. ते तिन्ही काढून घेतलं तर मी काय करते? मी डोक्यात जुनी भांडणं काढते. २०११ साली एका सीनियरने केबिनमध्ये सगळ्यांसमोर झापलेलं, त्याला मी त्या दोन दिवसांत इतकी सडेतोड उत्तरं दिली, एकाहून एक, की बिचाऱ्याला तिकडे उचक्या लागल्या असतील.

आणि दुसरं म्हणजे, न बोलणं वेगळं आणि एकटं असणं वेगळं. हे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. तिथे आम्ही साठेक बायका होतो. पहाटे चारपासून रात्री साडेनऊपर्यंत हॉलमध्ये दोन्ही बाजूंना माणूस, पुढे माणूस, मागे ढेकर देणारं माणूस, जेवताना माणूस, खोलीत रूममेट. कोणी काही बोलत नाही पण सगळ्या असतात. मला माणसं बोलतात म्हणून थकायला होतं असं वाटायचं, तसं नाही, ती नुसती आजूबाजूला असली तरी माझी बॅटरी उतरते. मौनाने मला काही मिळालं नाही कारण मी तशीही बोलत नव्हते, आणि एकांत जो लागतो तो इथे नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे मी आंथरुणात पडून कसारा लोकलचा टाइम आठवत होते. मी! पैज जिच्यावर लागलेली ती नाही.

ती काय करत होती? ती मजेत होती. म्हणजे पाय दुखत होते, झोप येत होती, ते सगळ्यांनाच. पण जेवणाच्या रांगेत मी तिला चोरून बघायचे (नियम मोडून, कबूल) तर बाईंचा चेहरा टवटवीत. हे कसं, ते दहाव्या दिवशी कळलं. तिला माणसं लागतात, आणि माणसं तिथे होती की! निळ्या शालवालीचा डावा गुडघा गेलाय, खिडकीजवळची रोज कुरमुऱ्यातले शेंगदाणे वेचून आधी खाते, पांढऱ्या केसांच्या आजी आंघोळीनंतर रोज अर्धा तास उन्हात केस वाळवतात आणि त्या वेळी हळूच हसतात. नऊ दिवस शब्द न बोलता हिने साठ बायकांचा सीरियल बघितला.

इथे मला युंग आठवला. मानसशास्त्रातला कार्ल युंग, स्वित्झर्लंडचा, त्याने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी चलनात आणली. त्याचा मुद्दा बडबडीचा नव्हताच, मनाचा ओढा कुठे, आत की बाहेर, एवढाच होता. आपण मात्र तोंडाच्या हालचालीवरून शिक्का मारतो. लाजाळू माणसालाही अंतर्मुख म्हणून मोकळे होतो, खरं तर लाजाळूला बोलायचं असतं आणि भीती वाटते, मला भीती वाटत नाही, मी क्लायंटसमोर दोन तास प्रेझेंटेशन देते, फक्त नंतर मला घरी येऊन अंधारात पडायचं असतं. आणि पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख असा माणूस नसतोच हेही युंगच सांगायचा, हे ऑफिसातल्या ट्रेनिंगवाल्यांना कोणीतरी कळवा, ते अजून आमच्या टेबलांवर अक्षरांची स्टिकरं लावतात, I म्हणजे अंतर्मुख, E म्हणजे बहिर्मुख.

आता लिंबाची गोष्ट. पाच वाजता नव्या साधकांना चहा-फळ मिळतं पण जे आधी शिबिर करून आलेत त्यांना फक्त लिंबूपाणी. माझ्या समोर एक जुन्या साधक काकू बसायच्या, त्यांचा ग्लास बघितला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, अक्षरशः, गिळावं लागायचं. आणि मला हसू यायचं कारण यावर खरंच प्रयोग झालेत. हान्स आयझेंक म्हणून ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ होते, १९६७ च्या सुमारास त्यांनी लोकांच्या जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून लाळ किती वाढते ते मोजलं, आणि अंतर्मुख लोकांची जास्त वाढली. त्यांचं म्हणणं असं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, जरा काही बाहेरून आलं की त्याला पुरे होतं, आणि बहिर्मुखाचा मेंदू थोडा सुस्त, म्हणून त्याला गर्दी, गप्पा, ढोलताशा लागतो. पुढे यावर वाद बरेच झाले, मेंदूचं एवढं सरळ गणित नसतं, पण काकूंच्या ग्लासासमोर बसून मला ते शंभर टक्के पटलं. माझ्या मेंदूला मागे बसलेल्या बाईच्या बांगड्यांची किणकिण म्हणजे गणपतीचं विसर्जन वाटत होतं. नणंदेला नंतर विचारलं बांगड्यांचं, तर म्हणे, "कुठल्या बांगड्या?"

नुसतं बसणं हे मुळात कोणालाच सोपं जात नाही हेही खरं. अमेरिकेत २०१४ साली एक प्रयोग छापून आला होता, लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत स्वतःच्या विचारांसोबत बसवलं आणि सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी पंधरा मिनिटांत निदान एकदा तरी स्वतःला झटका देऊन घेतला! आम्ही दहा दिवस बसलो, बटणाशिवाय. जावईबापूंना हे सांगितलं तर ते म्हणाले मी दाराशीच दाबलं असतं.

पाचव्या दिवशी माझं नशीब उघडलं. त्या केंद्रात पॅगोडा आहे आणि आत छोट्या छोट्या एकट्याने बसायच्या खोल्या, त्यांना शून्यागार म्हणतात. आमच्या बाथरूमपेक्षा लहान, खिडकी नाही, एक आसन आणि एक दार. दार! मी दार ओढून घेतलं आणि पाच मिनिटं ध्यान वगैरे काही केलं नाही, नुसती बसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं, दुःखाने नाही, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यावर येतं तसं. त्या दिवसापासून माझं शिबिर सुरू झालं असं म्हणा. आधीचे चार दिवस मी बहुतेक फक्त माणसं सहन करत होते. तासभर न हलता बसायचं असतं, अधिष्ठान म्हणतात त्याला, तेसुद्धा मला शून्यागारातून आल्यावरच जमायला लागलं.

नणंद त्याच शून्यागारात दहा मिनिटं टिकली. लिफ्ट बंद पडल्यासारखं वाटलं म्हणे. धम्मसेविकेला सांगून परत हॉलमध्ये आली, तिला हॉलमध्येच बरं वाटायचं, "सगळ्या बसल्यात म्हणून मी बसते, एकटी असते तर कधीच उठून गेले असते." हे वाक्य ऐकून मी गप्पच झाले, कारण माझं बरोब्बर उलटं आहे.

पण तिचं सगळं सुखाचं गेलं असं नाही. सहाव्या दिवशी ती हॉलमधून रडत बाहेर गेली, मला दिसलं, आणि मला उठून जाता येईना. त्या क्षणी मला नियमाचा राग आला, त्यामागचं कारण समजत होतं, तो बरोबरच आहे, तरीही. नंतर तिने सांगितलं की त्या सकाळी ध्यानात तिला तिचे बाबा दिसले, म्हणजे माझे सासरे, तीन वर्षांपूर्वी गेलेले, आणि फार छान वाटलं, आणि ते सांगायला कोणी नव्हतं. रडू बाबांमुळे नाही आलं. "वहिनी, कुणाला सांगितलंच नाही तर ते झालं असं कसं म्हणायचं? माझं आतल्या आत विरून जात होतं सगळं." मी या गोष्टीवर शिबिरापेक्षा जास्त विचार केलाय. मी कुठलीही गोष्ट आधी आत घोळवते, चार दिवसांनी बोलते, बऱ्याचदा बोलतही नाही, आणि ती बोलता बोलताच विचार करते, बोललं नाही तर तिचा विचारच पुरा होत नाही. दहा वर्षं मी समजत होते ही विचार न करता बोलते. आणि ती समजत होती की मी काही लपवते.

तिने त्यावर तोडगाही काढला, तो मला फार आवडला. दुपारी बाराला आचार्यांना शंका विचारायला नाव लिहायचं असतं. नणंदबाईंनी सातव्या दिवसापासून रोज नाव लिहिलं. शंका काहीही, श्वास डाव्या नाकपुडीतूनच का येतो, खाज आली तर ती संवेदना का, पाच मिनिटं मिळतात ती मिळाली की पुढचा दिवस निघतो. शेवटी आचार्य बाईंनी हसून विचारलं, शंका आहे की बोलायचंय? ही म्हणाली, दोन्ही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं तिचं, याबद्दल त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क. मी दहा दिवसांत एकदाच गेले, तेही सगळ्यांना चारचार जणींच्या गटात बोलावतात म्हणून, आणि 'ठीक चाललंय' एवढंच म्हणून आले. मला त्यांना बरंच विचारायचं होतं. ते घरी आल्यावर चौथ्या दिवशी सुचलं.

संध्याकाळचं प्रवचन दोघींनाही आवडलं, गुरुजी विनोदी आहेत, गोष्टी रंगवून सांगतात, मराठी अनुवादही मिळतो पण आम्ही हिंदी ऐकलं. नणंदेचं मत, "हे आजोबा आमच्या पार्टीतले." तसं असेल नसेल, पण दिवसभर मौन शिकवणारा माणूस रात्री इतकं रसाळ बोलतो ही गंमत आहे खरी.

दहावा दिवस. सकाळी मैत्रीचं ध्यान, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ते, झालं की मौन सुटतं, 'भवतु सब्ब मंगलं', 'साधु साधु साधु', आणि हॉलच्या बाहेर पाऊल टाकलं तर... काय सांगू, शाळा सुटल्यावरचा आवाज. साठ बायका एकदम. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले, खोटं कशाला सांगू. तिथे माझी रूममेट आधीच उभी होती.

या बाईंशी मी नऊ दिवस एक शब्द बोलले नव्हते, पण मला माहीत होतं की त्या उजव्या कुशीवर झोपतात, पहाटे घंटेच्या आधी उठतात आणि दुसरीची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर जातात, रात्री खोकला आला की उशीत तोंड खुपसतात. आणि आम्ही बोललो. दोन तास! नाव काय, राहता कुठे, मिस्टर काय करतात, मुलं किती, हे काहीही न विचारता थेट मरणाच्या भीतीवर आणि मग आंबेमोहर तांदळावर. नाव मी त्यांचं जेवताना विचारलं. म्हणजे मला बोलायचा कंटाळा नाहीये, मला त्या आधीच्या दहा मिनिटांचा कंटाळा आहे, ओळखपाळख, 'अच्छा, तुम्ही मूळचे कुठले'. ती दहा मिनिटं कोणी माझ्या वतीने नऊ दिवस मौनात उरकून दिली तर मी बोलते. प्रत्येक हळदीकुंकवाच्या आधी नऊ दिवस मौन ठेवणं प्रॅक्टिकल नाही, तेवढं कळतं मला.

नणंदबाई तोवर अकरा जणींचे नंबर तोंडपाठ करून बसलेल्या, कारण फोन अजून हातात नव्हते. आणि निळ्या शालवालीचा गुडघा खरंच डावाच निघाला.

आता रेटिंग. जेवण साधं, गरम, पाच स्टार, पाचव्या दिवशीची आमटी अजून आठवते. स्वच्छता पाच. खोली चार, कॉट जरा करकरते आणि शेजारीण कुशीवर वळली की आपल्याला कळतं. आसनं, उशा भरपूर ठेवलेल्या असतात, गुडघ्याखाली घ्यायला लाजू नका, पहिल्या दिवशीच घ्या. थंडीत गेलात तर शाल आणि आवाज न करणारे मोजे. बांगड्या, पैंजण, करकरणारी प्लास्टिकची पिशवी, प्लीज घरी ठेवा, पुढे कोणीतरी माझ्यासारखी बसलेली असते.

घुम्या लोकांनी जावं का? जा, पण 'मला काय अवघड' म्हणून जाऊ नका, मी तेच केलं. शून्यागार असलेलं केंद्र मिळालं तर बघा आणि पहिले चार दिवस कसेही काढा. बोलघेवड्यांनी तर नक्की जा, घरचे काय म्हणतात ते ऐकू नका. सोबत जोडीने गेलात तर एक करा, घरी आल्यावर एकमेकांचा दहावा दिवस नीट ऐकून घ्या.

परत येताना कसाऱ्याहून लोकल, दोघींना खिडकी मिळाली, सकाळची वेळ. फोन चालू केला तर हिला चारशेच्या वर मेसेज आणि मला सतरा, त्यातले नऊ बँकेचे. कल्याण येईपर्यंत ती बोलत होती, मला, समोरच्या बाईला, फोनवर तीन जणांना, मध्येच परत मला. मी इअरफोन घातलेले पण त्यात काही लावलं नव्हतं. टिटवाळ्याला तिच्या लक्षात आलं. "वहिनी, यात काही वाजत नाहीये ना?" मी नाही म्हणाले. "मग काढ ना." "ऐकू येतंय गं मला, तू बोल." ती जरा थांबली, मग बाबा दिसले ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली, या वेळी सावकाश.

तिने पुढच्या शिबिराचा फॉर्म भरलाय. मी अजून नाही. पैज माझा नवरा जिंकला पण जावईबापूंनी पाचशे रुपये अजून दिलेले नाहीत, आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की जावयाकडे पैसे मागत नाहीत.